अलास्कातल्या यूपिक गावात शिकवायला जायचं असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यात माध्यमिक शाळेत काही वर्षं गणित-विज्ञान शिकवलेल्या एका शिक्षिकेला अलास्कात, कुस्कोक्विम नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात नोकरी मिळते आहे. गावाला रस्ता नाही, वस्ती चारशेच्या आत, आणि जवळजवळ सगळी माणसं यूपिक, म्हणजे अलास्काच्या या भागातल्या मूळ रहिवासी समाजाची. थंडी झेपेल का, शाकाहारी माणसानं खायचं काय, एकट्या बाईला तिथं सुरक्षित राहता येईल का, आणि दोन वर्षं काढून तिथून मोठ्या शहरात सरकता येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी याच नदीकाठच्या गावांमध्ये बरीच वर्षं गणित शिकवलं. त्याआधी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत होते, त्यामुळे तुम्ही कुठे उभ्या राहून हे सगळं बघताय ते मला समजतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दोन वर्षांत निघायचं हे मनाशी ठरवूनच येणार असाल तर ही नोकरी घेऊ नका. निदान तीन-चार वर्षं राहायची तयारी असेल तर जरूर या. असं का म्हणते ते नीट सांगणार आहे, पण आधी थंडी-जेवणाचं उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे.

अलास्का महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठं आणि सगळ्या राज्याची लोकसंख्या सव्वासात लाखांहून जराशी जास्त. यूकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्या बेरिंग समुद्राला मिळतात तिथल्या सपाट, दलदलीच्या प्रदेशात ५०हून जास्त गावं विखुरलेली आहेत. त्यांचं मुख्य ठाणं बेथेल, वस्ती सहा हजारांच्या वर. बेथेल अँकरेज या राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरापासून सुमारे ६४० किलोमीटरवर, आणि तिथंही बाहेरून रस्ता जात नाही. अँकरेज ते बेथेल मोठ्या विमानानं जाता, पुढे सहा-नऊ आसनांच्या छोट्या विमानानं गावात. उन्हाळ्यात नदीतून होड्या चालतात, हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या धावतात. बर्फावरचा तो रस्ता दरवर्षी साफ करून, खुणा लावून तयार केला जातो. ऑक्टोबरात नदी गोठताना आणि मे महिन्यात फुटताना मात्र होडीही चालत नाही आणि गाडीही नाही. त्या आठवड्यांत हवामान बिघडलं की गाव जगापासून तुटतं. परतीच्या प्रवासात बेथेलला दोन दिवस अडकून पडायची तयारी कायम ठेवायची. शाळेच्या कामाला गेलेले शिक्षक अशा वेळी दुसऱ्या गावातल्या वर्गात, स्लीपिंग बॅगेत झोपतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

थंडी उणे ३०पर्यंत जाते, वाऱ्यामुळे ती आणखी बोचते. झाडं नाहीत, त्यामुळे वारा अडवायला काही नसतं. पण घरं आणि शाळा चांगल्या तापवलेल्या असतात, मोकळ्यावर तुम्ही फार वेळ नसता, आणि चांगले बूट, कोट, हातमोजे यांवर पहिल्याच वर्षी पैसे खर्च केले की थंडी हा प्रश्न राहत नाही. हे कपडे भारतातून आणू नका, अँकरेजला घ्या. अंधार जास्त जड जातो. बेथेलला डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी अकराच्या सुमाराला उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. तुम्ही अंधारात शाळेत जाता आणि अंधारात घरी येता. जेवणाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं बाहेर उभं राहायचं, ढगाळ असलं तरी. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या. जूनमध्ये उलट: १९ तासांचा दिवस, मुलं रात्री बारा वाजता बाहेर खेळत असतात.

घर बहुधा शाळेचंच असतं, शाळेला लागून, भाडं पगारातून कापलं जातं. खालची जमीन कायम गोठलेली, म्हणून सगळी घरं खांबांवर उभी, आणि घराघरांमधून लाकडी फळ्यांच्या वाटा. या भागातल्या कित्येक गावांत अजून घरोघरी नळ नाहीत. लोक सामायिक केंद्रातून पाणी भरून आणतात, कपडे तिथंच धुतात, आणि शौचाला बादली वापरून ती ठरलेल्या जागी रिकामी करतात. शिक्षकांच्या घरांना शाळेच्या टाकीतून पाणी मिळतं तेव्हा हा फरक डोळ्यांवर येतो. वर्गातल्या मुलाच्या घरी पाणी नाही आणि तुमच्याकडे गरम पाण्याचा नळ आहे, हे रोज लक्षात ठेवून वागावं लागतं. मुलाचे कपडे कळकट दिसले म्हणून आईबापांबद्दल मत बनवू नका.

किराणा डाकेच्या विमानानं येतो. टपाल खात्याची तशी खास व्यवस्था आहे, तिच्यामुळेच या गावांतली दुकानं चालतात. तरीही दुधाचं गॅलन दहा डॉलरच्या वर जातं आणि भाजी येईपर्यंत मलूल झालेली असते. डाळी, तांदूळ, कणीक, मसाले वर्षाचे भरून ठेवायचे. ऑगस्टमध्ये येतानाच अँकरेजहून प्लॅस्टिकच्या मोठ्या पेट्या भरून टपालानं गावी पाठवायच्या, सगळे शिक्षक तसंच करतात. शाकाहारी राहून जगता येतं, पोटाची काळजी नको. काळजी आहे ती वेगळी. गावात प्रेमाची भाषा अन्नाची असते. कुणी धुरी दिलेला साल्मन मासा देईल, कुणी मूसचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचं सूप, कुणी अकुताक, म्हणजे चरबी आणि साखर फेटून त्यात रानातली बोरं, म्हणजे तिकडची बेरी, नि कधी मासा घालून केलेला गोड पदार्थ. मी मासे खाणाऱ्या घरातली, मला सोपं गेलं. तुम्ही खात नसाल तर पहिल्याच भेटीत सरळ सांगा, की आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या हे चालत नाही. घराण्याची रीत म्हटलं की तिथल्या माणसांना लगेच पटतं. मग ऑगस्टमध्ये बायकांबरोबर टुंड्रावर बोरं वेचायला जा, ती खा, आणि तुमच्या हातचं काहीतरी घेऊन त्यांच्या घरी जा. बटाट्याच्या भाजीचे आणि शिऱ्याचे चाहते मी तिथं पुष्कळ पाहिले.

सुरक्षिततेचं म्हणाल तर गावात पोलीस ठाणं नसतं. काही गावांत राज्याच्या अनुदानातून नेमलेला एक ग्रामरक्षक असतो, बाकी पोलीस विमानानं येतात. दवाखान्यात गावातलीच प्रशिक्षित आरोग्य-साहाय्यिका असते, ती बेथेलच्या डॉक्टरांशी बोलून उपचार करते. ही पद्धत अलास्कात १९६०च्या दशकापासून चालत आली आहे आणि चांगली चालते. गंभीर रुग्णाला विमानानं हलवतात, हवामान चांगलं असेल तर. या भागातल्या बहुतेक गावांनी मतदानानं दारूबंदी केलेली आहे. तुमच्या सामानात एक बाटली सापडली तरी तो गुन्हा आहे. तरीही चोरून येते, आणि तिचे परिणाम सोमवारी सकाळी वर्गात दिसतात. एकट्या बाईला धोका वाटावा असं वातावरण मला कधी जाणवलं नाही. शेजारी कोण, आजी कोण, कुणाच्या दारावर केव्हाही थाप मारता येईल हे पहिल्या महिन्यात माहीत करून घ्या. चारशे माणसांच्या गावात तुमच्या घरचा दिवा लागला नाही तर ते पाच जणांच्या लक्षात येतं.

आता मुलांकडे वळते.

नवीन शिक्षक आला की तिथली मुलं काही दिवस नुसती बघत राहतात. मग एखादी धीट मुलगी विचारते, “तू पुढच्या वर्षी परत येणार का?” हा प्रश्न प्रत्येक नव्या शिक्षकाला विचारला जातो, आणि तो सहज म्हणून विचारलेला नसतो. अशा गावांत दरवर्षी शिक्षकांचा मोठा वाटा बदलतो. काही शाळांत एका उन्हाळ्यात मुख्याध्यापकासकट निम्मे लोक जातात. आठवीतल्या मुलानं आठ वर्षांत दहा-बारा वर्गशिक्षक पाहिलेले असू शकतात, आणि प्रत्येकानं डोळ्यांत पाणी आणून “मी तुम्हाला विसरणार नाही” म्हटलेलं असतं. नव्या माणसात जीव गुंतवायचा नाही हे ती मुलं पहिली-दुसरीतच शिकतात. तुम्हाला वाटतं मुलं थंड आहेत, अबोल आहेत, अभ्यासात रस नाही. ती वाट पाहत असतात. दुसऱ्या ऑगस्टमध्ये तुम्ही विमानातून उतरता तेव्हा धावपट्टीवर मुलं छोट्या, उघड्या चारचाकी गाड्या घेऊन आलेली असतात, पेट्या उचलतात, आणि त्या दिवसापासून तुमचं शिकवणं सुरू होतं. पहिलं वर्ष त्यांनी तुम्हाला तपासण्यात जातं. तिसऱ्या वर्षी तुम्ही फळ्यावर जे लिहाल ते ती मनापासून वहीत उतरवतात. म्हणून दोन वर्षांच्या हिशेबानं येऊ नका असं म्हणते. ज्या टप्प्यावर तुमचा उपयोग सुरू होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर तुम्ही निघालेल्या असता.

अलास्का विद्यापीठानं २०१७ साली हिशेब मांडला होता, की एक शिक्षक सोडून गेला की नवा शोधणं, आणणं, तयार करणं यात शाळा चालवणाऱ्या स्थानिक शिक्षणखात्याचे २०,००० डॉलरहून जास्त खर्च होतात. मुलांचं किती जातं ते त्या हिशेबात मांडता येत नाही.

या गावांचं शाळेशी नातं कसं घडलं तेही माहीत असायला हवं, नाहीतर पालकसभेत आजीआजोबा मागे भिंतीला टेकून गप्प का बसतात ते कळत नाही. अमेरिकी सरकारनं १८८५ साली शेल्डन जॅक्सन या मिशनऱ्याला अलास्काच्या शिक्षणाचा मुख्य अधिकारी नेमलं. त्याचं धोरण स्पष्ट होतं: मुलांनी इंग्रजी बोलायचं, आपली भाषा सोडायची. पुढच्या कित्येक दशकांत वर्गात यूपिक बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला, तोंडात साबण घालून घेतला. हे भोगलेली माणसं आजही गावात आहेत. शिवाय गावात शाळा आठवीपर्यंतच असे. पुढे शिकायचं तर १९४७ साली सिटका इथं सुरू झालेल्या माउंट एजकम्बच्या निवासी शाळेत, नाहीतर थेट ओरेगनमधल्या चेमावाला किंवा ओक्लाहोमामधल्या चिलोकोला. चौदा वर्षांचं पोर घरापासून हजारो किलोमीटर दूर, मे महिन्यापर्यंत भेट नाही. काही जण शिकून मोठे झाले, नेते झाले. काही जण परत आले तेव्हा त्यांना सील कसा सोलायचा ते येत नव्हतं आणि आजीशी बोलायला शब्द नव्हते.

हे थांबलं ते मुलांच्याच दाव्यामुळे. १९७२ साली गावातच माध्यमिक शाळा मिळावी म्हणून राज्यावर खटला भरला गेला. एमोनाक गावची मॉली हूच ही मुलगी त्यातली एक वादी, तिच्याच नावानं तो ओळखला जातो. १९७६ साली राज्यानं तडजोड केली आणि १२६ गावांत माध्यमिक वर्ग उघडायचं मान्य केलं. तुम्ही ज्या शाळेत शिकवणार आहात ती इमारत बहुधा त्या तडजोडीतून उभी राहिलेली असेल. म्हणून पट कमी झाला की गावाच्या पोटात गोळा येतो. दहापेक्षा कमी मुलं राहिली की राज्याचं अनुदान आटतं आणि शाळा बंद व्हायची वेळ येते. आपल्याकडे वीसच्या आतल्या पटाच्या शाळांबद्दल जी भीती वाड्यापाड्यांवर असते तीच इथं आहे. शाळा गेली की लहान मुलं असलेली कुटुंबं गाव सोडतात.

आश्रमशाळेत असताना मला एक गोष्ट रोज दिसायची: भिल्ल-पावरा घरांतली सहा वर्षांची मुलं वसतिगृहात रात्री आईसाठी रडायची आणि सकाळी परक्या भाषेत कविता म्हणायची. अलास्कात त्याच्या पुढचा अंक पाहिला, साठ वर्षांनंतरचा. तिथल्या आज्या अजूनही त्या रात्रींबद्दल बोलतात. निवासी शाळा वाईटच असतात असं मी म्हणत नाही. माउंट एजकम्ब आजही चालू आहे आणि गावातली हुशार मुलं स्वतः अर्ज करून तिथं जातात. पण ते जाणं घरच्यांच्या संमतीनं असतं, आणि मागे गावात शाळा असते.

भाषेचं चित्र आता बदललंय. यूपिक बोलणारे सुमारे १०,००० लोक आहेत, अलास्कातल्या मूळ भाषांत हीच सगळ्यात भक्कम. १९७०च्या दशकात काही गावांत पहिलीपासून यूपिकमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि १९९५ साली बेथेलला पूर्ण यूपिक माध्यमाची आयाप्रुन एलित्नौर्विक शाळा निघाली. तुमच्या गावात खालचे वर्ग कदाचित यूपिकमध्ये असतील आणि तुमच्याकडे मुलं इंग्रजीत येतील. गणिताच्या तासाला ती आपसात यूपिकमध्ये बोलू लागली तर बोलू द्या. बहुतेक वेळा ती गणिताबद्दलच बोलत असतात.

वर्गाबद्दल काही ठोस गोष्टी सांगते. जोडवर्ग तुम्हाला नवे नसतील, पण इथं नववी ते बारावी एकत्र आणि पाच विषय एकाच शिक्षकाकडे असंही होतं. प्रश्न विचारल्यावर मूल भुवया वर करेल, ते “हो” झालं. तोंडानं उत्तर द्यायला लावू नका. नाक आकसलं तर “नाही”. आणि थांबायला शिका. आपल्याकडे शिक्षक प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढच्याकडे वळतो. यूपिक मुलाला तोंड उघडण्याआधी विचार पुरा करायची सवय असते. मनात दहा आकडे मोजून थांबा, उत्तर येतं आणि चांगलं येतं. एकाला उभं करून सगळ्यांसमोर कौतुक करू नका, तो मान खाली घालेल आणि पुन्हा हात वर करणार नाही. वहीवर दोन शब्द लिहा. “मोठेपणी कोण होणार” हा निबंधही टाळा. पुढच्या गोष्टींबद्दल मोठ्यानं बोलणं तिथं अनेक घरांत बरं मानत नाहीत. बघून शिकणं ही त्यांची मूळ रीत आहे: मुलगी आजीच्या शेजारी बसून महिनाभर मासा कापताना पाहते, मग एक दिवस आजी तिच्या हातात अर्धचंद्राकृती सुरी देते. मी भूमितीत तेच केलं. आधी बोलायचं नाही, रचना दोनदा करून दाखवायची, मग कंपास त्यांच्या हातात.

गणितासाठी ही जागा किती समृद्ध आहे ते तुम्हाला सांगायलाच हवं. जेरी लिपका आणि अलास्का विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यूपिक वडीलधाऱ्यांबरोबर कित्येक वर्षं बसून गणिताचे पाठ तयार केले आहेत. त्यातला माझा आवडता पाठ मासे वाळवायच्या मांडणीचा. चार खांब जमिनीत ठोकायचे, काटकोन नीट आला पाहिजे, हाताशी गुण्या नाही. वडीलधारा माणूस दोरीनं दोन्ही कर्ण मोजतो, सारखे येईपर्यंत खांब सरकवतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे असतील तर आकृती आयत असते, हे आठवीतल्या मुलाला त्या दोरीनं कळतं आणि मग त्याला सिद्धता लिहावीशी वाटते. तसंच मापांचं. अंगरखा शिवायचा तर ज्याचा अंगरखा त्याच्याच वितीनं नि हातानं मोजायचं. प्रमाण आणि गुणोत्तर शिकवायला मला त्याहून चांगलं काही सापडलं नाही.

आणि अंक. यूपिक आणि त्यांच्या उत्तरेकडचे इन्यूपिअक, दोघंही विसांच्या पटीत मोजतात, हातापायांच्या बोटांवर. १९९४ साली आर्क्टिक किनाऱ्यावरच्या काक्टोविक गावातल्या शाळेत मुलांना जाणवलं, की आपल्या मोजणीसाठी दहांच्या पद्धतीचे अंक पुरत नाहीत. त्यांनी शिक्षकाबरोबर बसून नवे वीस अंक तयार केले: उभ्या रेघा एकेकांच्या, आडव्या पाचांच्या. बेरीज करताना रेघा नुसत्या एकत्र मांडल्या की उत्तर दिसतं. ते अंक गावोगाव पसरले आणि २०२२ साली युनिकोडमध्ये गेले, म्हणजे आज संगणकावर ते लिहिता येतात. शाळकरी मुलांनी घडवलेली अंकपद्धती! मी हा तास दरवर्षी घेत असे, आणि त्यात आपल्या ‘कोडी’ या मापाबद्दलही सांगत असे, की आमच्या बाजारातही वीस वस्तूंचा एक गठ्ठा धरून मोजायची जुनी रीत आहे. मुलांना ते फार आवडायचं. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपल्यासारखं मोजतं, हे त्यांना कुठल्याच पाठ्यपुस्तकानं सांगितलेलं नसतं.

हजेरीवरून डोकं तापवून घेऊ नका. सप्टेंबरात मूसची शिकार, वसंतात सील आणि परतणारी बदकं, आणि घरात खाणारी तोंडं असली की पंधरा वर्षांचा मुलगा जाणारच. मुलानं पहिला सील मारला की घरच्या बायका गावातल्या बायकांना बोलावून भेटवस्तू उधळतात, त्याला बोलावणं आलं तर तास बुडवून जा. ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स पंथीयांचा नाताळ, तेव्हा सजवलेला तारा घेऊन घरोघर गात फिरतात, दिवसचे दिवस. नदीवर साल्मन कमी झालाय, राजा साल्मन ही त्यातली मोठी जात धरायला तर कित्येक उन्हाळे बंदी किंवा कडक मर्यादा. ज्या घरांच्या मांडण्या जुलैत लाल दिसायच्या त्या रिकाम्या आहेत. हिवाळ्यात त्या घरातलं मूल शाळेच्या जेवणावर किती अवलंबून असतं ते तुमच्या लक्षात येईलच.

शाळेचं क्रीडागृह हे गावाचं मोठं घर. बास्केटबॉलचे सामने तिथं, ढोलावरचा नाच तिथं, लग्नाचं जेवण तिथं, आणि मृत्यू झाला की माणसं जमतात तीही बहुतेकदा तिथंच. संध्याकाळी क्रीडागृह उघडं ठेवायची जबाबदारी मागून घ्या. तिथं दोन तास बसल्यानं मुलं जितकी कळतात तितकी दिवसभराच्या तासांत कळत नाहीत. बायकांनी वाफेच्या स्नानाला बोलावलं तर लाजू नका, जा.

या भागात तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. तुमच्या पहिल्या दोन वर्षांत गावात किंवा शेजारच्या गावात असं काही घडण्याची शक्यता मोठी आहे, आणि गेलेला तुमचा विद्यार्थी असू शकतो. अशा वेळी शाळा दुसऱ्या दिवशी वेळापत्रकानं चालवायचा आग्रह धरू नका. त्या घरी जा, चहा करा, भांडी घासा, बसा. बोलायची गरज नसते. काही महिन्यांनी गावात बाळ जन्मलं की त्याला गेलेल्या माणसाचं नाव देतात, आणि त्या नावाबरोबर नातंही येतं. मी एका आजीला तीन वर्षांच्या मुलाला “बाबा” म्हणून हाक मारताना आणि त्याच्या ताटात आधी वाढताना पाहिलंय. ही पद्धत तुमच्या वर्गातही चालत येते: कोण कुणाची मावशी, कोण कुणाचा आजोबा हे वयावरून ठरत नाही. कुणाला कुणाचं नाव आहे ते हळूहळू विचारून घ्या. मुलं आनंदानं सांगतात.

हवामानाचंही गंभीरपणे सांगायला हवं. न्यूटोक हे अख्खं गाव जमीन वितळून नि नदीनं किनारा खाऊन २०१९ ते २०२४च्या दरम्यान मर्टार्विक या नव्या जागी हलवावं लागलं. ऑक्टोबर २०२५मध्ये हलाँग वादळाच्या उरलेल्या तडाख्यानं किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांत समुद्र शिरला, घरं माणसांसकट खांबांवरून सुटून वाहत गेली. लोकांनी शाळेचा आसरा घेतला, आणि नंतर शेकडो माणसांना विमानानं अँकरेजला हलवलं. तुमच्या शाळेचा आपत्तीचा आराखडा काय, जनित्राचं इंधन किती दिवस पुरतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. वेळ आली तर शाळेची किल्ली असलेली माणसंच पहिली कामाला लागतात, आणि त्यांत तुम्ही असाल.

आता व्हिसा. देवघेव कार्यक्रमाच्या जे-१ व्हिसावर येत असाल तर तो तीन वर्षांचा, आणखी दोन वर्षं वाढू शकतो, आणि त्यासाठी दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. एच-१बीच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लावल्यापासून तो रस्ता या छोट्या शिक्षणखात्यांना परवडेनासा झालाय, त्यामुळे कुणी तसं आश्वासन देत असेल तर लेखी मागा. मधल्या दलालाला पैसे देण्याआधी शाळेच्या कार्यालयाशी थेट बोला. शिक्षक म्हणून पूर्ण परवाना हवा असेल तर अलास्काचा इतिहास-समाज आणि बहुसांस्कृतिक शिक्षण असे दोन अभ्यासक्रम करावे लागतात. ते नंतरसाठी ठेवू नका, येण्याआधीच ऑनलाइन सुरू करा.

सही करण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा, की गेल्या पाच वर्षांत या पदावर किती जण येऊन गेले, घरात नळाला पाणी आहे का, घर एकटीचं की वाटून घ्यायचं, आणि भाडं किती कापणार. आणि एक विनंती करा, की शाळेतल्या यूपिक शिक्षिकेशी किंवा साहाय्यिकेशी तुमची फोनवर गाठ घालून द्यावी. राज्यातल्या शिक्षकांत मूलनिवासी पाच टक्क्यांच्या आसपासच आहेत, पण प्रत्येक गावात अशी एखादी बाई असते जी वीस-पंचवीस वर्षं त्याच वर्गांत उभी आहे आणि जिनं तुमच्यासारखे कितीतरी आलेले-गेलेले पाहिलेत. माझ्या मते त्या शाळांचं भविष्य तिच्यात आणि तिच्या हाताखाली शिकून पदवी घेणाऱ्या गावच्या मुलींमध्ये आहे. आपण तोवर त्यांच्या मदतीला जातो. तुमच्या वर्गात येणारी मुलं कोण आहेत, आधीचे शिक्षक का गेले, येताना काय घेऊन यावं, हे तिला विचारा. ती लगेच बोलणार नाही. फोनवरही थांबा, ती बोलेल.